थर्मोस्टॅट अडकला आहे की दोष दुसरीकडेच आहे, हे हेड न खोलता कसे ओळखावे?

प्रश्न : काळीमाती, बार्शी तालुका

नमस्कार. माझ्याकडे ४५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे. तो सात वर्षांपूर्वी नवा घेतला होता आणि मीटरवर आता ३,९०० तास झाले आहेत. गेल्या महिन्यात याच ट्रॅक्टरवर सोयाबीनची मळणी केली आणि आता ज्वारीच्या पेरणीसाठी रोटाव्हेटर चालवायचा आहे, परंतु इंजिन इतके तापते की अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ सलग काम करता येत नाही.

तापण्याची तऱ्हा जरा विचित्र आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो. सकाळी थंड इंजिन चालू करून, मागे काहीही न जोडता, नुसता रस्त्याने शेताकडे निघालो तरी बारा-पंधरा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्ट्याच्या कडेला जातो, तेथे काही मिनिटे थांबतो आणि मग कोणीतरी ढकलल्यासारखा एकदम मध्यावर येतो. कधी कधी मात्र तो खाली येतच नाही आणि रेडिएटरच्या टोपणाखालील बारीक नळीतून पाणी उसळून बाहेर पडते. रोटाव्हेटर लावल्यावर तर काटा लाल पट्ट्यात जाणार हे ठरलेलेच असते. पाण्याची पातळी मी रोज तपासतो. दोन वर्षांपूर्वी खालचा पाइप फुटून सगळे कूलंट वाहून गेले, तेव्हापासून बोअरचेच पाणी घालत आलो आहे. ही चूक असल्याचे मला आता समजते आहे.

दोन मिस्त्र्यांना दाखवले. पहिल्याने सांगितले की थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून फेकून द्या, आपल्या हवेत त्याची गरजच नसते. दुसऱ्याने हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरवरील झाकण (हेड) आणि इंजिनाचा ब्लॉक यांमधले पॅकिंग, गेल्याचे सांगितले असून हेड उतरवण्यासाठी तो आठ दिवस मागतो आहे. ऐन पेरणीच्या तोंडावर आठ दिवस ट्रॅक्टर उभा ठेवणे मला परवडणारे नाही. हेड उघडण्याआधी थर्मोस्टॅटचा दोष घरच्या घरी खात्रीने ओळखता येतो का, आणि तो काढून टाकून ट्रॅक्टर चालवावा का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : पाना १२-१३, श्रीरामपूर

तुमचे वर्णन वाचून थर्मोस्टॅटचाच संशय प्रथम येतो, आणि त्याचे कारण म्हणजे तुम्ही लिहिलेला तो ‘ढकलल्यासारखा’ खाली येणारा काटा. गॅस्केट गेलेले असेल, तर एकदा चढलेला काटा रिकाम्या रस्त्यावर आपोआप असा खाली येत नाही. रेडिएटर तुंबलेला असेल, तर रिकामा ट्रॅक्टर बारा मिनिटांत लाल पट्ट्याला भिडत नाही, कारण तेवढी उष्णता अर्धवट तुंबलेला रेडिएटरही बाहेर टाकू शकतो. थर्मोस्टॅटचे दुखणे भार पाहत नाही, रेडिएटरचे दुखणे भार पाहते. गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक तापलेल्या ट्रॅक्टरबद्दल मी मालकाला पहिला प्रश्न हाच विचारतो की रिकामा चालतानाही तापतो, की औजार लावल्यावरच तापतो.

आता खात्री करण्याबद्दल. इंजिन रात्रभर थंड झालेले असताना सकाळी ते चालू करा, मध्यम वेगावर ठेवा आणि इंजिनाच्या डोक्याकडून रेडिएटरच्या वरच्या टाकीकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपावर दर मिनिटाला हात ठेवून पाहा. पंखा तेथून वीतभर अंतरावर फिरत असतो, त्यामुळे बाही वर घ्या आणि गळ्यातला पंचा काढून ठेवा. ही सूचना मी गंमत म्हणून देत नाही. थर्मोस्टॅट चांगला असेल, तर हा पाइप पहिली काही मिनिटे थंड किंवा कोमट राहतो आणि काटा हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर येत असतानाच एका-दीड मिनिटात हात ठेवता येणार नाही इतका गरम होतो. काटा लाल पट्ट्याजवळ पोहोचला तरी पाइप कोमटच असेल, आणि थर्मोस्टॅटचे बिडाचे घर मात्र चटका बसेल इतके तापलेले असेल, तर गरम पाणी झाकणाच्या आत कोंडले गेले आहे. पुढे काटा एकदम पडला त्याच क्षणी पाइपही एकदम तापला, तर झडप उशिरा आणि झटक्याने उघडते आहे, असे समजायला हरकत नाही.

येथे एक खबरदारी घ्या. पाइप थंड आणि काटा लाल, हे लक्षण वॉटर पंपाचे पाते झिजल्यावर किंवा आत हवा अडकल्यावरही दिसू शकते, म्हणून केवळ पाइपावरून निकाल देऊ नका. थर्मोस्टॅट बाहेर काढून गरम पाण्यात तपासणे हाच शेवटचा पुरावा असतो आणि त्यासाठी दोन बोल्ट, एक कागदी गॅस्केट आणि घरातले एक पातेले एवढेच लागते.

थर्मोस्टॅटच्या कडेवर किंवा मधल्या पितळी डबीवर एक आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२, काही इंजिनांत ७१ किंवा ८८. एवढे अंश सेल्सियस तापमान झाले की झडप उघडायला सुरुवात व्हायला हवी, आणि पूर्ण उघडायला त्यापुढे आणखी दहा-बारा अंश लागतात. झडपेची चकती थोडी दाबून तिच्या फटीत शिवणाचा दोरा अडकवा आणि थर्मोस्टॅट त्या दोऱ्याला टांगून पाण्यात असा सोडा की तो तळाला टेकणार नाही, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. शेजारी ११० अंशांपर्यंतचा काचेचा तापमापक धरा, तोही तळापासून वर. पाणी मंद आचेवर ढवळत तापवा. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. त्या क्षणीचा आकडा लिहून घ्या. नंतर पाणी उकळेपर्यंत थांबा आणि चकती किती मिलिमीटर उचलली गेली ते पाहा. साधारण आठ मिलिमीटरच्या आसपास उघडायला हवी. हे सगळे किमान तीन वेळा करा, कारण अर्धवट अडकणारा थर्मोस्टॅट एखाद्या वेळी शहाण्यासारखाही वागतो.

आणि एक प्रश्न : मळणीनंतर रेडिएटरची जाळी झटकली होती का?

उत्तर : नदीकाठ, वाळवा तालुका

मी २०१४ सालापासून ट्रॅक्टर थर्मोस्टॅटशिवाय चालवतो आहे. उसाची वाहतूक असते, भार कायमचाच आहे, तरीही काटा कधी मध्याच्या वर गेलेला नाही. कंपनीने थंड देशांसाठी बसवलेली वस्तू आपण सांभाळत बसण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन बोल्ट उघडायचेच आहेत, तर काढूनच टाका.

उत्तर : निवृत्त शिल्प निदेशक

मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिक हा व्यवसाय शिकवत असे. वरील मताचा आदर राखून मला त्याच्याशी असहमती नोंदवावी लागते, कारण ‘काटा वर जात नाही’ हा इंजिन सुखरूप असल्याचा पुरावा नव्हे.

इंजिनात पाणी फिरण्याचे दोन मार्ग असतात. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरचा मार्ग बंद ठेवतो आणि पाणी एका आखूड वळणवाटेने, म्हणजे बायपासमधून, पुन्हा पंपाकडे जाते, त्यामुळे सिलिंडर लवकर तापतात. अनेक इंजिनांतील थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला दुसरी एक चकती असते आणि मुख्य झडप उघडत असतानाच ही चकती बायपासचे तोंड बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाणी सोपी वाट धरते, आणि इंजिनातून आलेल्या गरम पाण्याचा बराच हिस्सा रेडिएटरला न भेटता परत इंजिनातच शिरतो. म्हणजे तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढला आणि भाराखाली इंजिन आणखी तापू लागले, असे घडते. माझ्या विद्यार्थ्यांना हे पटवण्यासाठी दर वर्षी थर्मोस्टॅटचे एक कापलेले घर टेबलावर ठेवावे लागे. वाळव्याच्या मित्रांच्या इंजिनात बायपास अरुंद असेल किंवा थर्मोस्टॅटला दुसरी चकतीच नसेल, म्हणून त्यांना हा त्रास झालेला नाही.

परंतु दुसरा त्रास त्यांनाही होतच असणार. पाणी ५०-६० अंशांवरच राहिले, तर सिलिंडरच्या भिंती थंड राहतात, डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेले डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करते आणि ज्वलनात तयार झालेली वाफ थंड भिंतीवर दवासारखी जमून आम्लासह लायनर (सिलिंडरचे अस्तर) खात राहते. हे नुकसान काट्यावर दिसत नाही, ते डिझेलच्या खर्चात आणि काही हजार तासांनंतर धुरात दिसते.

प्रश्नकर्त्यांच्या बाबतीत बोअरच्या पाण्याचा धागा मला महत्त्वाचा वाटतो. थर्मोस्टॅटच्या पितळी डबीत मेण भरलेले असते. ते ठराविक तापमानाला वितळताना फुगते आणि त्या फुगण्याच्या जोरावर मधली बारीक दांडी झडपेला स्प्रिंगच्या विरुद्ध उघडते. क्षारयुक्त पाण्याचा थर या डबीवर आणि दांडीवर बसला, की एकीकडे मेणापर्यंत उष्णता उशिरा पोहोचते आणि दुसरीकडे दांडी जागेवर आवळली जाते. मेणाचा जोर वाढत वाढत एका क्षणी दांडी सुटते, झडप खटकन उघडते आणि तुमचा काटा ‘ढकलला’ जातो.

तपासणीचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवावे की समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर उघड्या पातेल्यातील पाणी १०० अंशांना नव्हे, तर ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरमध्ये मात्र टोपणामुळे दाब तयार होतो, ०.९ बारचे टोपण चांगले असेल, तर तेथे पाणी ११५ अंशांच्या पुढे गेल्यावरच उकळते. टोपणाचे रबर वाळले असेल, तर हा आधार नाहीसा होतो आणि जे तापमान इंजिनाने सहज सोसले असते, त्यालाच पाणी उसळून बाहेर येते. म्हणून टोपणही पाहावे, अर्थात इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.

हेड गॅस्केटची शंका अशी फेडता येते. थंड इंजिनात पाणी गळ्यापर्यंत भरावे, टोपण उघडे ठेवावे, पंख्याचा पट्टा उतरवावा म्हणजे पंप फिरणार नाही, आणि इंजिन जास्तीत जास्त एक मिनिट चालवावे. थंड पाण्यात तेवढ्या वेळात सतत बुडबुडे येऊ लागले आणि रेस वाढवताच ते वाढले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे. पाणी शांत राहिले आणि ऑइलच्या दांडीवर दुधाळ रंग नसला, तर हेड उतरवण्याची घाई करू नये.

प्रतिप्रश्न : खोडवा, पंढरपूर तालुका

पाइपावर हात ठेवण्याऐवजी करोनाच्या काळात घेतलेली तापमान मोजण्याची पिस्तूल वापरली तर चालेल का?

उत्तर : पाना १२-१३, श्रीरामपूर

कपाळाला लावायची ती पिस्तूल साधारण ४३ अंशांच्या वरचे तापमान दाखवत नाही, त्यामुळे तिचा येथे उपयोग नाही. कारखान्यात वापरतात तशी पिस्तूल मिळते, ती घ्यावी. तिनेही चकचकीत धातूवर नेम धरू नये, कारण चकाकणारा पृष्ठभाग खोटा आणि बहुधा कमी आकडा दाखवतो; काळ्या रबरी पाइपावर किंवा धातूवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा.

प्रश्नकर्ता : काळीमाती, बार्शी तालुका

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस लागले, परंतु प्रत्येक गोष्ट क्रमाने करून पाहिली.

गॅस्केटची परीक्षा प्रथम केली. पट्टा उतरवून एक मिनिट इंजिन चालवले, पाणी आरशासारखे स्थिर राहिले, ऑइलही स्वच्छ होते, त्यामुळे हेडचा विषय मी बाजूला ठेवला. त्यानंतर पाइपाची परीक्षा केली. चौदाव्या मिनिटाला काटा लाल पट्ट्याच्या कडेला होता आणि वरचा पाइप कोमट होता. सतराव्या मिनिटाला थर्मोस्टॅटच्या घरातून ‘टक्’ असा बारीक आवाज आला, पाइप एकदम तापला आणि काटा खाली आला.

संध्याकाळी थर्मोस्टॅट काढला. झाकण उचलल्यावर आत पिवळसर पांढरा, अंड्याच्या कवचासारखा कडक थर दिसला. डबीवर कोरलेला ८२ हा आकडा नखाने खरवडल्यावर वाचता आला. दोऱ्याला टांगून तीन वेळा तपासणी केली. पहिल्या वेळी तो ९१ अंशांना पडला, दुसऱ्या वेळी ९४ ला, आणि तिसऱ्या वेळी पाणी उकळू लागले तरी पडला नाही. पहिल्या दोन वेळांतही पूर्ण उकळीला झडप जेमतेम तीन मिलिमीटर उघडली होती. आईने ते पातेले आता स्वयंपाकघरात परत घेण्यास नकार दिला आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच आकड्याचा नवा थर्मोस्टॅट आणला आणि बसवण्याआधी त्यालाही त्याच पातेल्यात टांगले. तो तिन्ही वेळा ८२ ते ८४ अंशांच्या दरम्यान पडला आणि उकळीला आठ मिलिमीटरहून थोडा अधिक उघडला. जुने पाणी ब्लॉकच्या बुचातूनही पूर्ण काढले, दोन वेळा साधे पाणी फिरवून धुतले आणि कूलंट व शुद्ध केलेले पाणी निम्मे निम्मे मिसळून भरले.

आता अडचण अशी की पुस्तकात साडेआठ लिटर लिहिले असताना सहा लिटरमध्येच रेडिएटर गळ्यापर्यंत भरला. शिवाय रिकाम्या रस्त्यावर काटा आता मध्यावर स्थिर राहतो खरा, परंतु रोटाव्हेटर लावल्यावर साधारण चाळीस मिनिटांनी तो हळूहळू वर सरकू लागतो. मग नवा थर्मोस्टॅटही सदोष समजावा का?

उत्तर : पाना १२-१३, श्रीरामपूर

नाही. तुम्ही त्याला स्वतः पातेल्यात तपासले आहे, आता त्याच्यावर संशय घेण्याचे कारण उरलेले नाही.

सहा लिटरचे उत्तर सोपे आहे : बंद झडपेखाली हवा अडकली आहे. थर्मोस्टॅटच्या कडेला एक लहान छिद्र असून त्यात सैल पिन असते. हवा त्यातून निसटते, म्हणून ते छिद्र बसवताना वरच्या बाजूला यायला हवे, आणि स्प्रिंग व डबीची बाजू इंजिनाकडे असायला हवी. ही दोन्ही तपासून घ्या. त्यानंतर थंड इंजिन टोपण उघडे ठेवून मंद वेगावर चालवा. वरचा पाइप गरम होताच, म्हणजे झडप उघडताच, हवा बुडबुडत बाहेर येईल आणि पातळी खाली जाईल, तेव्हा तेच मिश्रण थोडे थोडे ओता. गरम इंजिनात एकदम थंडगार पाणी मात्र कधीही ओतू नका, हेडला तडा जातो.

आता चाळीस मिनिटांचा प्रश्न. आधी तुमचा ट्रॅक्टर भार न पाहता तापत होता, आता तो भार पाहून तापतो आहे, म्हणजे हे दुखणे निराळे आहे आणि पहिल्याच्या आड लपलेले होते. काटा चढेल तेव्हा खालच्या पाइपाला हात लावून पाहा. तो वरच्या पाइपाइतकाच तापलेला असेल, तर पाणी रेडिएटरमधून जाते आहे, पण तेथे निवत नाही. मी पहिल्याच उत्तरात मळणीबद्दल विचारले होते, त्याचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही.

पुढची लोखंडी जाळी काढा. तिच्यामागे रेडिएटरच्या तोंडावर भुसकटाची गादी बसलेली असण्याची दाट शक्यता आहे. हवा कॉम्प्रेसरने पंख्याच्या बाजूकडून पुढच्या बाजूला, म्हणजे वारा आत ज्या दिशेने येतो तिच्या उलट दिशेने मारा. पुढून मारली तर कचरा आणखी खोल रुततो. पाण्याचा जोरकस फवारा टाळा, पातळ पत्रे वाकतात. जोडीला पंख्याचा पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबून पाहा. तो दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त दबत असेल, तर भाराखाली घसरत असणार. आणि रेस वाढवल्यावर खालचा पाइप चपटा होतो का, तेही एकदा पाहून घ्या, कारण तो तुम्ही दोन वर्षांपूर्वी बदललेला आहे आणि बदलताना आतली स्प्रिंग पुष्कळदा जुन्या पाइपासोबतच कचऱ्यात जाते.

प्रश्नकर्ता : काळीमाती, बार्शी तालुका

मळणीनंतर जाळी बाहेरून झटकली होती, काढली नव्हती. आज काढली. रेडिएटरच्या खालच्या निम्म्या भागावर सोयाबीनचे भुसकट आणि ऑइल मिसळून झालेला बोटभर जाडीचा थर होता, नमद्यासारखा अखंड सोलून निघाला. पलीकडे बॅटरी धरली तर वरच्या भागातून उजेड दिसत होता, खालून अजिबात नाही. कॉम्प्रेसरने अर्धा तास उलट बाजूने हवा मारल्यावर खालूनही उजेड दिसू लागला. पट्टा वीस मिलिमीटर दबत होता, तो ताणून घेतला. खालचा पाइप रेस वाढवल्यावर चपटा होत नाही.

थर्मोस्टॅटची पिन खाली बसवली होती, ती वर घेतली आणि सांगितल्याप्रमाणे टोपण उघडे ठेवून हवा काढली. झडप उघडताच पातळी घसरली आणि आणखी दोन लिटरहून थोडे अधिक मिश्रण आत गेले.

दुपारी एक ते साडेतीन सलग रोटाव्हेटर चालवला. काटा मध्याच्या किंचित वर गेला आणि तेथेच राहिला. थांबवण्याआधी इंजिन पाच मिनिटे मंद वेगावर चालू ठेवून दोन्ही पाइप तपासले. वरच्यावर हात ठेवता येत नव्हता, खालच्यावर मोजून तीन सेकंद ठेवता आला. उद्या पहाटे उरलेले दीड एकर करून पेरणीला लागतो.

उत्तर : निवृत्त शिल्प निदेशक

उत्तम. इंजिन अनेक वेळा लाल पट्ट्यात गेलेले असल्यामुळे ऑइल त्याच्या ठरलेल्या तासांची वाट न पाहता पेरणी संपताच बदलावे. आणि ५० तासांनी टोपण थंड असताना उघडून कूलंटचा रंग पाहावा. तो गढूळ किंवा तांबूस दिसला, तर ब्लॉकमधला जुना थर सुटून येत आहे असे समजून एकदा पुन्हा धुवावे, नाहीतर तोच थर नव्या थर्मोस्टॅटवर जाऊन बसेल.